असाइनमेंट, फील्ड प्रोजेक्ट आणि एआय : वर्गात नियम कसे लावायचे

समजा, तुमच्या टेबलावर आठवडी बाजारावरचे चाळीस फील्ड प्रोजेक्ट पडले आहेत. निम्म्यांची सुरुवात 'आठवडी बाजार हा ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा आहे' अशी, सगळ्यांना स्पायरल बाइंडिंग, शुद्धलेखन तुमच्या-माझ्यापेक्षा बरे, आणि भाजीचा एकही भाव कुठे दिलेला नाही. मुलांनी चॅटजीपीटी किंवा जेमिनाय वापरले हे दिसतेच आहे. ते सिद्ध करता येत नाही, आणि शून्य गुण दिले तर उद्या पालक प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसलेले असतात.

हा लेख महाराष्ट्रातल्या सीनियर कॉलेजच्या शिक्षकांसाठी आहे. ज्युनियर कॉलेजच्या शिक्षकांनाही थोडा फेरफार करून वापरता येईल. नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला आणि त्याच्याबरोबर फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट, ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण) आले. या प्रत्येकाच्या शेवटी एक लेखी अहवाल असतो आणि बहुतेक ठिकाणी गुण त्या अहवालालाच मिळतात. चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले ३० नोव्हेंबर २०२२ला. म्हणजे अहवाल फुकटात तयार होण्याची सोय आधी आली आणि अहवालांची संख्या नंतर वाढली.

माझे म्हणणे असे की पूर्ण झालेल्या अहवालाकडे बघून तो कोणी लिहिला हे खात्रीने ठरवता येत नाही, तेव्हा त्या खटपटीत पडूच नका. गुण अहवालापर्यंतच्या कामाला द्या. ते काम कसे दाखवायचे हे सत्र सुरू होतानाच सांगा, सबमिशनच्या आठवड्यात नव्हे. पुढच्या सगळ्या पायऱ्या यातूनच निघतात.

पायरी १ : पकडापकडीचे सॉफ्टवेअर बाजूला ठेवा

ही पायरी पहिली ठेवली, कारण बहुतेक कॉलेजांत चर्चा इथूनच सुरू होते आणि इथेच संपते. 'एखादे डिटेक्टर घेऊन टाकू' असे कोणीतरी म्हणतो आणि विषय मिटतो.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३मध्ये एआयचा मजकूर ओळखणारे साधन बाजारात आणले होते. कंपनीने तेव्हाच दिलेल्या आकड्यांनुसार, एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला ओळखता येत होता, आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर ते चुकून एआयचा शिक्का मारत होते. अचूकता कमी आहे असे सांगून त्याच वर्षी जुलैत ते बंद करण्यात आले. ज्यांनी यंत्र घडवले त्यांची ही कथा.

आपल्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा अभ्यास स्टॅनफर्डच्या संशोधकांचा, तोही २०२३चा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात डिटेक्टरांना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध एआयचे ठरले. कारण समजून घेण्यासारखे आहे. ही साधने पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. शब्द जितके ठरावीक आणि वाक्ये जितकी साधी, तितका संशय जास्त. मराठी माध्यमातून बारावी करून इंग्रजीत बीकॉम करणारी मुलगी नेमके असेच लिहिते. पाठ केलेली, घोटून घेतलेली, सुरक्षित वाक्ये. म्हणजे डिटेक्टर लावला की पहिला फटका तिलाच बसणार, आणि ज्याने मजकूर दोनदा फिरवून घेतला तो चलाख गडी सुटणार.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३मध्ये टर्निटिन या कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची एआय ओळखण्याची सोय बंद केली, तेव्हा मांडलेला हिशेब सोपा होता. २०२२ साली त्यांनी ७५,००० लेखनकामे टर्निटिनमधून तपासली होती. चूक फक्त १ टक्का धरली तरी ७५० मुलांवर खोटा आळ आला असता. मराठी मजकुराबद्दल तर बोलायलाच नको. टर्निटिनची ही सोय सुरू झाली तेव्हा ती इंग्रजी गद्यापुरतीच होती.

यात दोन गल्लती नेहमी होतात. पहिली : साम्याची टक्केवारी (किती मजकूर आधीच्या लेखनाशी जुळतो) आणि एआयची टक्केवारी एकच समजणे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या वाङ्‌मयचौर्यविषयक नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत माफ, पुढे ४०, ६० असे टप्पे आहेत, ते साम्याचे आहेत. चॅटजीपीटी येण्यापूर्वी चार वर्षे ती नियमावली लिहिली गेली. तिचा १० टक्क्यांचा आकडा एआयच्या रिपोर्टला लावणे निराधार आहे. दुसरी गल्लत : मुलाचा निबंध चॅटजीपीटीतच टाकून 'हे तू लिहिलेस का?' असे विचारणे. टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाने मे २०२३मध्ये हे केले आणि वर्गाचे निकाल अडकले. चॅटबॉटला आपण काय लिहिले याची अशी नोंदवही नसते. विचारले की तो बेधडक 'हो' म्हणूनही मोकळा होऊ शकतो.

आता आपल्या स्वतःच्या नाकाबद्दल. 'आजच्या धावपळीच्या युगात', 'अनन्यसाधारण महत्त्व', 'मोलाची भूमिका बजावते' ही वाक्ये दिसली की आपण एआय म्हणून खूण करतो. पण हे शब्द यंत्राने कुठून उचलले? गाईडांतून आणि आपण शाबासकी दिलेल्या निबंधांतूनच. या खुणांवर निकाल लावायचा तर १९९५च्या निम्म्या उत्तरपत्रिका चॅटजीपीटीच्या निघतील. वास आला तर प्रश्न विचारा, गुण कापू नका.

पायरी २ : प्रत्येक कामावर 'एआय किती चालेल' हे लिहा

'एआय वापरू नये' अशी एक ओळ फळ्यावर लिहून भागत नाही. गूगलवर बोलून मराठी टाइप करणे एआय आहे का? लाल रेघ दाखवणारे शुद्धलेखन? गूगल ट्रान्सलेट? मुले हे प्रश्न विचारत नाहीत, आपापली उत्तरे काढून मोकळी होतात.

परदेशात याची पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी बरीच वापरली जाते : एआय अजिबात नाही, फक्त आखणीसाठी, सहकार्याने, पूर्ण मुभा, आणि एआय वापरून नवे काही शोधणे. आपल्या वर्गाला इतके बारीक वाटप झेपत नाही. मी तीनच ठेवा म्हणेन.

बंद : वर्गात, समोर बसून, हाताने लिहायचे काम. मोबाइल बॅगेत. परिच्छेदलेखन, उताऱ्याचा सारांश, कवितेचे रसग्रहण शिकवताना हेच हवे, कारण इथे लिहिणे हेच शिकायचे असते.

मदतीपुरते : घरी करायचे बहुतेक सगळे काम. कुठे चालेल आणि कुठे नाही हे नेमके लिहून.

खुले : एआयचा मजकूर हाच कच्चा माल. 'आपल्या तालुक्याच्या पाणीप्रश्नावर चॅटबॉटकडून एक पान लिहून घ्या आणि त्यातल्या चुका पुराव्यासह दाखवा.' हे काम एकदा तरी द्या. तालुक्याचे नाव सांगितल्यावर यंत्र किती आत्मविश्वासाने भलतीच नदी आणून सोडू शकते, हे मुलाने स्वतः पकडले की त्याला वेगळे समजवावे लागत नाही.

एक गोष्ट सांगून ठेवतो. 'घरून हाताने लिहून आणा' हा उपाय नाही. मुले मोबाइलच्या पडद्यावरून फुलस्केपवर उतरवून आणतात. मनगट दुखते एवढेच.

पायरी ३ : सूचनापत्र आणि शेवटचे पान

मदतीपुरत्या कामासाठी अर्ध्या पानाचे सूचनापत्र द्या. नमुना असा :

'या फील्ड प्रोजेक्टसाठी एआयची मदत विषय सुचवून घ्यायला, प्रश्नावलीवर सूचना घ्यायला आणि शेवटी शुद्धलेखन तपासायला चालेल. निरीक्षणे, मुलाखती, आकडे आणि निष्कर्ष तुमचेच हवेत. बोलून टाइप केले तर सांगायची गरज नाही. बाकी कुठलीही मदत घेतली तर शेवटच्या पानावर लिहा : कोणते साधन, कोणती तारीख, काय विचारले, काय ठेवले, काय टाकले आणि का. मदत घेतली म्हणून गुण कमी होणार नाहीत. घेतलेली मदत लपवली असे दिसले तर अहवालाचे गुण थांबवून पुन्हा व्हायवा (तोंडी परीक्षा) होईल.'

शेवटून दुसरे वाक्य फार मोलाचे आहे. कबुलीला शिक्षा असेल तर कोणीही कबूल करणार नाही, आणि ती पाने 'मी एआय वापरले नाही' अशा एकाच छापाची येतील.

'काय टाकले आणि का' हा रकाना तर काढूच नका. नीट भरलेले पान कसे दिसते ते बघा : '१२ ऑगस्ट, जेमिनाय. भाजीविक्रेत्यांना विचारायला दहा प्रश्न मागितले. सहा ठेवले. "आपले वार्षिक उत्पन्न किती?" हा काढला, कारण पहिल्या दोन मावशींनी उत्तरच दिले नाही, एक तर उठून गेल्या. त्याऐवजी "आज घरून किती माल आणला, आणि रोज किती परत न्यावा लागतो?" असे विचारले. त्याला सगळ्यांनी उत्तर दिले.' ही नोंद वाचल्यावर ही मुलगी बाजारात जाऊन आली का, हे वेगळे तपासावे लागत नाही. संशोधनपद्धतीच्या तासाला आपण प्रश्नावलीबद्दल जे शिकवतो ते तिने इथे चार ओळींत दाखवले आहे.

पायरी ४ : विषयच बदला

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी वेळ आपण यालाच देतो. 'आठवडी बाजाराचे महत्त्व', 'जागतिकीकरणाचे परिणाम', 'पर्यावरण संवर्धन : काळाची गरज' हे विषय चॅटबॉटसाठीच काढल्यासारखे आहेत. पूर्वी ते गाईडासाठी काढल्यासारखे होते.

विषय देण्यापूर्वी एक चाचणी करा. तो जसाच्या तसा चॅटबॉटला द्या आणि आलेल्या उत्तराला प्रामाणिकपणे गुण द्या. वीसपैकी बारा-चौदा पडत असतील तर विषय टाकून द्या.

मग काय द्यायचे? अर्थशास्त्राला : तुमच्या गावच्या बाजारात एकाच ओळीतल्या पाच विक्रेत्यांना एकाच भाजीचा भाव सकाळी अकराला आणि दुपारी चारला विचारा. फरक लिहा आणि कारण त्यांच्याच तोंडून घ्या. वाणिज्यला : ओळखीच्या किराणा दुकानात उधारीची वही कशी ठेवतात, यूपीआय आल्यावर तिच्यात काय बदलले, नावे न लिहिता सांगा. इतिहासाला : गावातल्या किंवा शेजारच्या गावातल्या एका वीरगळाचे मोजमाप घ्या, त्यावरचे थर खालून वर वर्णन करा, आणि गावकरी त्याबद्दल काय सांगतात ते लिहा. मराठीला : घरातल्या किंवा शेजारच्या वयस्कर बाईकडून जात्यावरच्या ओव्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर लग्नातले उखाणे, आणि ते कधी, कोणी, कशासाठी म्हटले याची हकिकत.

मुंबई-पुण्यातल्या मुलांना वीरगळ कुठून मिळणार, असे कोणी म्हणेल. त्यांना सोसायटीच्या सुरक्षारक्षकाचा दिवस द्या, शेअर रिक्षाच्या स्टँडवरचा नंबर कसा लागतो ते द्या. यंत्राला माहीत नसलेली आणि मुलाला चालत जाऊन कळणारी गोष्ट प्रत्येक वॉर्डात असते.

अर्थात यालाही मुले पळवाट काढतात. भाव बनवून लिहितात. ती लबाडी जुनी आहे, एआयच्या आधीची, आणि ती व्हायवात लगेच उघडी पडते.

पायरी ५ : वीस गुण फोडा

अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण आहेत असे धरू. विषय आणि प्रश्नावलीला ३, जागेवर काढलेल्या टिपणांना ५, पहिल्या कच्च्या मसुद्याला ३, अंतिम अहवालाला ४, व्हायवाला ५. यंत्राने चकचकीत करून दिलेल्या भागाला आता चारच गुण उरले. कच्चा मसुदा खरोखर कच्चा हवा हे ठासून सांगा. खाडाखोड, अर्धी वाक्ये, बाणाने जोडलेले परिच्छेद. मसुदा गुळगुळीत असेल तर तीनपैकी एकच गुण.

टिपणे म्हणजे टाइप केलेला मजकूर नव्हे. खिशातल्या वहीवरची पाने, त्यावर तारीख, वेळ, जागा. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून वर्गाच्या ड्राइव्हमध्ये टाकायला सांगा, दर आठवड्याला. शेवटी एकदम मागितली तर एका रात्रीत तयार होतात. दर शुक्रवारी मागितली तर तेवढा उपद्व्याप करण्यापेक्षा बाजारात जाणे मुलांना सोपे वाटते.

ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांनी अहवाल गूगल डॉक्समध्ये लिहिला तर 'व्हर्जन हिस्टरी'त कोणत्या दिवशी काय भर पडली ते दिसते. पण सक्ती नको. खेड्यातल्या वर्गात अनेकांकडे घरात एकच स्मार्टफोन असतो. शिवाय दुसरीकडून बघून हळूहळू टाइप केलेला मजकूरही त्या इतिहासात छान दिसतो. जोडीचा पुरावा म्हणून बघा, इतकेच.

पायरी ६ : भाषांतराचा तिढा

माझ्या अनुभवात मुलांचा सगळ्यात प्रामाणिक गोंधळ इथे होतो. बीकॉम, बीएससी, बीबीए इंग्रजीत. मूल विचार करते मराठीत, काही घरी अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा कोकणीत. ते मराठीत लिहिते, चॅटबॉटला देते आणि म्हणते, 'याचे चांगले इंग्रजी कर.' आलेला मजकूर डिटेक्टरच्या लेखी शंभर टक्के एआयचा. पण विचार कोणाचा आहे? मुलाचाच. याला कॉपी म्हणणे अन्याय आहे, आणि 'चालेल' म्हणून सोडून देणेही बरोबर नाही, कारण मुलाला इंग्रजी कधीच येणार नाही.

मधला मार्ग असा. भाषांतराची मदत चालेल, पण मूळ मराठी मजकूर सोबत जोडायचा. मूळ हाताने लिहिलेला असेल तर उत्तम. तपासताना गुण विचाराचे द्यायचे असतील तर मूळ वाचा. मग व्हायवाच्या वेळी मुलाने इंग्रजी अहवालातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि त्यात काय म्हटले आहे ते मराठीत सांगायचे. अडखळला तर त्या परिच्छेदाचे इंग्रजी सोपे करून आणायला सांगा, त्याला झेपेल इतके. चॅटबॉटला 'दहावीच्या मुलाला कळेल असे इंग्रजी लिही' असे सांगायची युक्तीही शिकवा. साधे पण स्वतःला कळणारे इंग्रजी पुढच्या वर्षी त्याच्या तोंडी येईल. न कळणारे भारदस्त इंग्रजी बाइंडिंगमध्येच राहील.

विद्यापीठाच्या नियमात त्या विषयाला मराठीतून उत्तर लिहायची मुभा असेल तर अहवालही मराठीतच घ्या. निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. आणि भाषेच्या पेपरला हे काही लागू नाही, हे वेगळे सांगायला नको : इंग्रजीच्या असाइनमेंटला इंग्रजी मुलाचेच हवे.

पायरी ७ : संदर्भ हाताने तपासा

चॅटबॉट पुस्तकांची नावे बनवतो. लेखक खरा, प्रकाशन खरे, पुस्तक कधी निघालेच नाही असे होते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटल्यांचे दाखले कोर्टात सादर केले आणि ५,००० डॉलर दंड भरून बसले. मराठी विषयांवर तर माहिती इंटरनेटवर विरळ, त्यामुळे भरताड जास्त.

नियम करा : संदर्भ कमी चालतील, पण प्रत्येकासमोर तो कुठे पाहिला ते लिहायचे. ग्रंथालयातले पुस्तक असेल तर दाखल क्रमांक (ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेला नोंदीचा क्रमांक) आणि वापरलेल्या पानाचा फोटो. ऑनलाइन असेल तर पत्ता आणि पाहिल्याची तारीख. ग्रंथपालांना आधी सांगून ठेवा, म्हणजे दाखल क्रमांक म्हणजे काय हे विचारायला मुले गेली तर ते वैतागणार नाहीत. तपासणीच्या वेळी प्रत्येक फाईलमधला एकच संदर्भ उचला आणि शोधा. सापडला नाही तर फाईल परत.

आणि मुलांना बरी ठिकाणे दाखवा, नाहीतर ती पुन्हा चॅटबॉटकडेच जाणार. मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तके संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. जिल्हा गॅझेटियर आहेत. २०११च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका गावनिहाय आकडे देते. शोधगंगावर आपल्याच जिल्ह्यावरचे प्रबंध निघतात. या पाच ठिकाणांवर एक तास खर्च करा, संगणक कक्षात, प्रत्यक्ष शोधून दाखवत.

पायरी ८ : तीन मिनिटांची व्हायवा

नव्वद मुले, प्रत्येकी तीन मिनिटे म्हणजे साडेचार तास. रोज एक तास काढला तर आठवडाभरात होते. तेवढाही वेळ नसेल तर चार-चारचे गट बोलवा आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारा.

प्रश्न व्याख्येचे नकोत. केलेल्या कामाचे हवेत. फरक असा पडतो :

'बाजारात जागेची पावती कोण फाडतं?'

'ग्रामपंचायतीचा माणूस, मॅडम.'

'सगळ्यांकडून सारखीच घेतो?'

'नाही मॅडम. टेम्पो लावणाऱ्यांना वेगळी. पाटी घेऊन बसणाऱ्या बायकांना कमी. आणि पाऊस असला की तो येतच नाही, मग त्या दिवशी सगळे फुकट बसतात.'

ही मुलगी फाईलमध्ये 'स्थानिक स्वराज्य संस्था महसूल संकलन करते' असे लिहून गेली होती, बहुधा यंत्राच्या सल्ल्याने. पावसाचा मुद्दा तिने लिहिलाच नव्हता, कारण तो लिहिण्यासारखा आहे असे तिला वाटले नाही. तिला तिथल्या तिथे सांगा, 'हेच लिही, ते वाक्य काढ.' व्हायवाचा खरा फायदा हा आहे. दुसऱ्याला हाच प्रश्न विचारल्यावर तो 'व्यवस्थापन समिती' म्हणाला आणि समिती कुठे बसते ते सांगता आले नाही, तर त्याला शनिवारी बाजारात पाठवा.

बुजरी मुले असतात. टिपणवही हातात ठेवू द्या, बोलीत उत्तर देऊ द्या, बाहेरचा परीक्षक शेजारी बसवू नका. गप्प बसणे हा एआयचा पुरावा नाही.

पायरी ९ : तरीही शंका राहिली तर

एकट्याने निर्णय घेऊ नका आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहीही लिहू नका. मुलाला वेगळे बोलवा, विभागातले आणखी एक शिक्षक सोबत असू द्यात. 'तू एआय वापरलंस' अशी सुरुवात केली की तो नाकारणार आणि बोलणे तिथेच थांबणार. 'हे प्रकरण कसं लिहिलंस ते दाखव' अशी सुरुवात करा. टिपणे, मसुदा, चॅटचा इतिहास, जे असेल ते बघा. वर्गात लिहून घेतलेले त्याचे एखादे पान शेजारी ठेवा. त्याचे म्हणणे लेखी घ्या.

पहिल्या वेळेला शिक्षा म्हणजे काम पुन्हा करणे, लहान मुदतीत, नव्या विषयावर. दुसऱ्यांदा झाले तर विभागप्रमुखांकडे. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत विभाग पातळीवर आणि संस्था पातळीवर अशा दोन समित्यांची तरतूद आहे. कागदावर असलेली ती समिती प्रत्यक्ष बसवा.

प्रक्रिया का महत्त्वाची? २०२४मध्ये हरयाणातल्या एका खासगी विद्यापीठाने एलएलएमच्या (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीच्या) विद्यार्थ्याला उत्तरे एआयची आहेत म्हणून नापास केले. तो पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयात गेला. सुनावणी चालू असतानाच विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण ठरवले आणि याचिका निकाली निघाली. नियम आधी लिहिलेला होता का, मुलाला बोलायची संधी दिली का, पुरावा काय, हे तीन प्रश्न कोर्टच नाही, कुठलाही पालक विचारू शकतो.

पायरी १० : वय, माहिती आणि आपला स्वतःचा मोबाइल

ज्युनियर कॉलेजची मुले सोळा-सतरा वर्षांची. चॅटजीपीटीच्या अटींत तेरा वर्षांखालच्यांना मनाई आहे आणि अठरापर्यंत पालकांची संमती लागते. युनेस्कोच्या २०२३च्या मार्गदर्शिकेनेही वर्गातल्या वापरासाठी तेरा ही किमान मर्यादा सुचवली. आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालचे सगळे बालक धरले आहेत. तेव्हा एआय वापरणे कुठल्याही कामात सक्तीचे करू नका. खुल्या प्रकारच्या कामासाठी शिक्षकाने स्वतः काढलेले उत्तर छापून द्यावे, म्हणजे खाते नसलेली मुलेही त्यातल्या चुका काढू शकतात आणि पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीचा फायदा कोणाला मिळत नाही.

मुलाखत दिलेल्या माणसांची नावे, फोन, आधार, उत्पन्न चॅटबॉटमध्ये टाकायचे नाही. 'विक्रेता १', 'विक्रेता २' असे करूनच आकडे द्यायचे. हे मुलांना पहिल्याच तासाला सांगा, कारण प्रश्नावलीचे भरलेले कागद फोटो काढून सरळ अपलोड करायची त्यांना सवय आहे.

शिक्षकांनाही हेच लागू. मुलांच्या फाईली चॅटबॉटला देऊन गुण काढून घेणे बंद करा. त्यात त्यांची नावे, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक), कधीकधी घरची परिस्थिती असते. प्रश्नपत्रिकेचा आराखडा किंवा गुणदानाचे निकष एआयकडून काढून घेतले असतील तर वर्गात सांगून टाका, त्यांच्यासारखेच शेवटच्या पानावर लिहा. मुलांच्या नजरेतून हे सुटत नाही. 'सर, या सूचना पण चॅटजीपीटीच्या आहेत ना?' हा प्रश्न मागच्या बाकावरून येतोच.

निकाल आणि तक्रारींची मुदत संपेपर्यंत टिपणांचे फोटो, मसुदे आणि शेवटची पाने ड्राइव्हमध्ये राहू द्या. त्यानंतर ती काढून टाका. काढण्यापूर्वी नावे झाकून दोन-तीन चांगली शेवटची पाने आणि एक लपवाछपवीचे पान छापून ठेवा. पुढच्या बॅचला सूचनापत्राबरोबर तीच वाटा.